कॉलम हरवला की बाइक काढायची

चिकू झाडावरून उतरवला तेव्हा दगडासारखा कडक असतो. पेटीत भरून ठेवला, विसरून गेलो, की आपोआप पिकतो आणि वास सुटतो. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच आहे. घडतात तेव्हा डोक्याला ताप असतो. मग ते साठत जातात, आणि एक दिवस डहाणू रोडला स्टेशनबाहेर चहा पिताना कोणीतरी म्हणतं, "अरे, ते टीव्हीला चिकटपट्टी लावलेली ते सांग ना!" झालं! एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतोच.

आधी आमचं काम सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. आमचे गुजराती शेठ वाड्यांमधून चिकू, नारळ, भाजी गोळा करून बाहेर पाठवतात. माल तीन ठिकाणी जमतो. सरावलीला वसंतकाका, आगरला ज्योतीताई, तलासरीला सुनंदाताई. तिघं आपापल्या मोबाइलवरून शीट भरतात. ऑफिस डहाणू रोडला. तिथे हेतलबेन हिशोब बघतात, आणि भिंतीवर एक मोठा टीव्ही आहे. त्यावर डॅशबोर्ड. कुठे किती माल आला, कुठला ट्रक भरला, सगळं रंगीत खांबांमध्ये दिसतं. खाली उजव्या कोपऱ्यात एक रिकामी चौकट. ती कशासाठी, कोणालाच माहीत नव्हतं.

हा डॅशबोर्ड माझ्या दादाने बनवला. निलेश त्याचं नाव. कुठला कोर्स नाही, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला. मी तेव्हा ट्रकवर क्रेट चढवायचो. तो मला धाकट्या म्हणायचा, म्हणून सगळेच धाकट्या म्हणतात. या उन्हाळ्यात दादाला ताप आला. साधाच वाटला. उतरेल म्हणालो. नाही उतरला.

मग शेठनी मला त्याच्या खुर्चीवर बसवलं. "दीकरा, तुझा भाऊ करत होता, आता तू बघ."

मी आठवीत शाळा सोडलेली. मला लॅपटॉप उघडता येत होता, बंद करता येत नव्हता. आणि तेच बरं झालं. कारण तो दादाच्या नावाने लॉगिन होता, आणि पासवर्ड फक्त दादाला माहीत. एकदा बंद केला की संपलं. वरच्या कोपऱ्यात 'निलेश' असं नाव आणि शेजारी हिरवा ठिपका. सकाळी आलो की मी आधी तो ठिपका बघतो. मग झाडू मारतो.

मला एकच गोष्ट ठाऊक होती. पिवळी पट्टी येऊन 'अमुक कॉलम सापडला नाही' असं दिसलं, आणि टीव्ही पांढरा पडला, की दादा म्हणायचा, "कॉलम काय पळून जात नाही रे. कोणीतरी काढलेला असतो. ज्याने काढला त्याला विचार." दादा फोन करून विचारायचा. मला फोनवर लगेच राग येतो. मी दादाची बाइक काढतो.

त्यात मुंबईचे एक साहेब शेठच्या मागे लागलेले. नवी तयार सिस्टीम घ्या, हे जुनं काढून टाका. शेठ म्हणाले, "दिवाळीच्या पूजेपर्यंत बघू. पोराने सांभाळला तर ठेवू. नाय तर पूजेला नवा चालू करू."

म्हणजे दादाचा टीव्ही दिवाळीपर्यंत माझ्या जिवावर!

*

पहिलाच कॉलम हरवला तो 'बारीक'. चिकूची तीन मापं असतात, मोठा, मध्यम आणि बारीक. एका सकाळी टीव्ही पांढरा. 'बारीक' सापडला नाही. मी बाइक काढली आणि सरावलीला गेलो.

वसंतकाका खाटेवर बसून तंबाखू मळत होते.

"काका, बारीक कॉलम कुठे गेला?"

"काढला."

"का?"

काकांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "अरे, त्या वरच्या वाडीवाल्या बाई आल्या होत्या. मी मोबाइल दाखवला, बघा तुमचा माल कसा लिहिलाय. तर भडकल्या ना! म्हणाल्या, माझ्या सासऱ्यांनी लावलेली झाडं, आमच्या वाडीत बारीक माल होतच नाही. आता बाईमाणसाच्या तोंडाला कोण लागणार? त्यांच्यासमोरच कॉलम पुसून टाकला. खूश होऊन गेल्या."

"बरं, मग बारीक चिकू कशात लिहिलेत?"

"कशात लिहिणार? कॉलम नाही तर!"

तेवढ्यात मला वास आला. कोपऱ्यात ताडपत्री होती. उचलली, तर खाली क्रेटवर क्रेट, बारीक चिकूचे. सगळे पिकून मऊ झालेले, वर माशा.

"काका! हे पाठवले का नाहीत?"

काका शांतपणे म्हणाले, "कॉलम आला की पाठवतो!"

*

पावसाळ्याच्या सुरुवातीला तलासरीचा 'रानभाजी' गेला. दादाने वर्षभराचे सगळे कॉलम आधीच करून ठेवले होते. उन्हाळाभर तो रिकामा होता, कोणाचं काही म्हणणं नव्हतं. आणि नेमकी भाजी उगवायला लागली तेव्हा गायब!

हायवेने भिजत गेलो. सुनंदाताई सेंटरच्या दारात बसलेली. मी हेल्मेट काढायच्या आधीच ओरडलो, "ताई, रानभाजी कुणी काढली?"

"कुणी नाय काढली. अजून रानातच आहे."

"कॉलम गं, कॉलम!"

"तो मी काढला." तिने मला आत बसवलं, फडकं दिलं. "हे बघ धाकट्या. नवी भाजी निघाली. देवाला दाखवल्याशिवाय आम्ही ती खात नाय, विकत नाय. आणि तुझ्या शीटमध्ये तिचं नाव आधीच टाकून बसायचं? उन्हाळ्यात नुसता शब्द होता. आता भाजी आली. आता नाय चालत."

"अगं, आकडा नको टाकू. नुसता रिकामा कॉलम ठेव."

"पान मांडायचं, समोर बसायचं, आणि म्हणायचं आम्ही काय जेवत नाय? देव काय खुळा आहे?"

मी फडक्याने डोकं पुसलं.

"मग कधी दाखवणार देवाला?"

"गावातली मोठी माणसं ठरवतील."

परत आलो. शेठना सांगितलं. देवावर कोण चिडणार? मी चिडलेलोच होतो, पण ते वेगळ्या कारणाने.

टीव्ही पांढराच राहिला. मुंबईच्या साहेबांचा मेल आला, डॅशबोर्ड बंद का आहे, कारण कळवा. शेठनी हेतलबेनना खरं ते लिहायला सांगितलं. हेतलबेननी लिहिलं, 'तलासरी येथे देवाची परवानगी बाकी आहे.'

साहेबांचं उत्तर लगेच आलं. 'कृपया त्यांना रिमाइंडर पाठवा!'

*

आता ती चिकटपट्टी.

आगरला शेठचा बर्फाचा कारखाना आहे. तो बर्फ बोटवाले नेतात. आता बोटवाले बर्फ काय सरबताला नेतात का? पण शेठ कट्टर शाकाहारी. बर्फ विकतील, मच्छीचं नाव घेणार नाहीत. दादाने कॉलमला सरळ नाव दिलं होतं, 'मच्छी बर्फ'. एरवी शेठ तिथून नजर फिरवायचे. श्रावण आला तसे अडून बसले.

"दीकरा, सकाळी पूजा करून येतो आणि समोर मच्छी! एक महिना काढून टाक."

मी म्हटलं, "शेठ, दादा सांगायचा, कॉलम काढायचा नाही."

"शेठ कोण, तू का मी?"

ज्योतीताईला फोन गेला. ती कोळ्याची पोर. "मच्छी काढायची? श्रावणात? बरं बाबा, काढते," म्हणाली आणि हसत हसत कॉलम काढला.

टीव्ही पांढरा! मच्छी गेली ती चिकू घेऊन गेली, नारळ घेऊन गेली, देवाला दाखवून नुकतीच परत आलेली तलासरीची भाजीसुद्धा घेऊन गेली. शेठ बघतच राहिले. "मी फक्त मच्छी बोललो होतो! चिकूने काय खाल्लं?"

कॉलम परत आणला. टीव्ही आला, मच्छीपण आली. मी तिरीमिरीत उठलो, पेट्या चिकटवायची खाकी पट्टी घेतली, आणि टीव्हीवर जिथे मच्छी दिसत होती तिथे सरळ आडवी मारली. चर्रर्र! शेठना ते पसंत पडलं.

दुसऱ्या दिवशी एक व्यापारी आला. टीव्हीकडे बघून म्हणाला, "अरेरे शेठ, टीव्ही फुटला का?"

शेठ म्हणाले, "नाय, उपास आहे!"

*

श्रावण संपला आणि साहेब स्वतः मुंबईहून आले. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड. आमच्या ऑफिसात माणसं चार, पण कार्ड घालून बसले. सगळं बघून म्हणाले, "प्रॉब्लेम काय आहे, तुमची माणसं कॉलम काढतात. मी सगळे कॉलम लॉक करतो. कोणी हातच लावू शकणार नाही."

आणि खरंच सगळं लॉक केलं. इतकं लॉक, की कॉलमही काढता येईना आणि आकडाही भरता येईना! फक्त शेवटचा 'शेरा' नावाचा कॉलम उघडा राहिला. साहेबांना सांगायचं कोणी? तिघांनी गुपचूप सगळं शेऱ्यात लिहायला घेतलं. वसंतकाकांचा शेरा मला अजून पाठ आहे. 'मोठा वीस क्रेट, मध्यम बरा, बारीक विचारू नये. जावई आलेत, दुपारी लवकर बंद.'

संध्याकाळी साहेबांनी टीव्ही लावला. पिवळी पट्टी नाही. सगळे खांब जमिनीला टेकलेले, सगळीकडे शून्य.

साहेब छाती काढून म्हणाले, "बघा सर, एकही एरर नाही!"

शेठ म्हणाले, "एकही चिकू पण नाही!"

साहेबांचा चेहरा उतरला. लॉक काढायला बसले. काढता काढता म्हणाले, "ही कोपऱ्यातली रिकामी चौकट कशाला आहे? डिलीट करतो." मी म्हटलं, राहू दे. मग म्हणाले, "आणि हे निलेश कोण? ते आता नाहीयेत ना? मग हे अकाउंट लॉगआउट करून टाकू."

त्यांचा हात पुढे गेला. मी विचारबिचार काही केला नाही. लॅपटॉप उचलला, पळत मागे गेलो, आणि संडासात शिरून कडी लावली!

बाहेर धावपळ. साहेब दार वाजवतायत. "अहो, हा कंपनीचा डेटा आहे!"

शेठ दार वाजवतायत. "दीकरा, बाहेर ये! चिकूचा धंदा संडासात काय करतो?"

मी आत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेलो. हिरवा ठिपका चालू होता. बोललो, "साहेब जाईपर्यंत येणार नाही."

मग हेतलबेनचा आवाज आला. "दार जरा उघड रे भाई, अगदी थोडं."

"का?"

"चार्जर देते. बॅटरी संपेल ना!"

*

दसऱ्याचा किस्सा छोटा आहे. खंडेनवमीला हेतलबेननी वजनकाटा, कॅल्क्युलेटर, स्टेपलर, सगळ्यांची पूजा केली. मी ट्रकचं बघत होतो. वर आलो तर टीव्हीवर 'नारळ' नाही. पिवळी पट्टीपण नाही, नुसता नारळ गायब! असं कधीच झालं नव्हतं. मी मोबाइलमध्ये फोटो काढला, बाइक काढली, थेट आगर.

ज्योतीताई नारळच मोजत होती. मी तिच्या पुढ्यात फोटो धरला. "नारळ कुठाय? सणाच्या दिवशी पण कॉलम काढता? दिवाळी तोंडावर आलीय! साहेब टपून बसलाय!"

तिने फोटो बघितला. बोटाने मोठा केला. मग एक शहाळं सोलून माझ्या हातात दिलं.

"पी. आणि परत जाऊन टीव्हीवरचा हार बाजूला कर."

झेंडूचा हार! केवढा जाडजूड, बरोब्बर नारळावर लोंबत होता. परत आलो आणि हेतलबेनवर ओरडलो, "टीव्हीला हार घालायचा नाही! तो काय मेलाय का?"

स्टुलावर चढून त्यांनी हार काढला आणि स्टेपलरला घातला. स्टेपलर त्यात दिसेनासाच झाला!

*

आणि आता दिवाळी.

शेठकडे लक्ष्मीपूजनाला हिशोबाच्या चोपड्यांची पूजा होते. नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर 'श्री' लिहायचं, मग धंदा. आता चोपड्या राहिल्या नाहीत, लॅपटॉप आहे. म्हणून पाटावर लॅपटॉप, लॅपटॉपला कुंकू. समोर शेठच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल, त्यात मुंबईचे साहेब. नवी सिस्टीम तयार ठेवून बसलेले. शेठनी आधीच सांगितलं होतं, पूजा होईपर्यंत टीव्ही नीट चालला तर नवी नको.

टीव्ही झकास चालला होता. सगळे खांब उभे. वसंतकाकांनी त्या दिवशी बारीकसुद्धा भरला होता. मी मनात म्हटलं, दादा, झालं बघ.

भटजी म्हणाले, "श्री लिहा."

हेतलबेन पुढे सरकल्या. शीट उघडली. सगळ्यात वर, सगळ्या नावांच्या डोक्यावर, एक नवी ओळ घातली आणि लिहिलं 'श्री'. सरावलीच्या शीटवर. आगरच्या शीटवर. तलासरीच्या शीटवर.

टीव्ही पांढरा पडला. पिवळी पट्टी आली आणि थांबेचना. मोठा सापडला नाही. मध्यम सापडला नाही. नारळ सापडला नाही. मच्छी बर्फ सापडला नाही. इतके दिवस एकेक हरवायचा, आज सगळेच!

डॅशबोर्ड पहिल्या ओळीत नावं शोधतो, एवढं आता मलाही कळत होतं. पहिल्या ओळीत देव बसले होते.

मोबाइलमधून साहेब म्हणाले, "सर, मग मी सुरू करू का?"

शेठ माझ्याकडे बघायला लागले. "दीकरा, कर काहीतरी."

मी लॅपटॉपसमोर बसलो. ती ओळ खोडली की काम झालं असतं. देवाशी माझं उन्हाळ्यापासून भांडणच चालू होतं. बोट त्या बटणावर ठेवलं. पण कुंकू लावलेल्या लॅपटॉपवर, पूजेच्या दिवशी, श्री खोडायला बोट दबेना. भटजी बघतायत, शेठ बघतायत. पहिल्यांदाच अशी वेळ आली की बाइक काढून जायला जागाच नव्हती. जिने केलं ती शेजारीच बसली होती.

"बेन," मी म्हटलं, "तुम्हीच काढा ना."

हेतलबेननी कानाला हात लावले. "मी? श्री खोडू?" मग एकदम थांबल्या. "थांब. गेल्या दिवाळीला पण मी वरच लिहिलं होतं. तेव्हा टीव्ही नव्हता, नुसती शीट होती. तुझा भाऊ केवढा भांडला माझ्याशी! म्हणाला, बेन, देवाला पण कॉलम देतो, पण वरची ओळ माझी. श्री लिहायचं तर उजवीकडे, एकदम शेवटी. मी म्हटलं, देव वरच असतो. तर म्हणाला, लावा चहाची पैज, एक दिवस तुम्हीच उजवीकडे लिहाल."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, कधीच नाही."

हेतलबेननी चष्मा पुसला. लॅपटॉप स्वतःकडे वळवला. श्री उचललं आणि उजव्या टोकाला, शेऱ्याच्या शेजारी, सगळ्या नावांच्या रांगेत नेऊन ठेवलं. वरची रिकामी ओळ काढून टाकली. सरावलीची. आगरची. तलासरीची.

टीव्हीवर ते गोल गोल फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, आणि खांब उभे राहिले. मोठा आला. नारळ आला. भाजी आली. मच्छी तर सगळ्यात उंच!

भटजींनी टाळी वाजवली. आणि तेवढ्यात खाली उजव्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ती रिकामी चौकट. आजवर कधीच काही न आलेली. रांगेत 'श्री' सापडलं तशी तिच्यात अक्षरं आली.

'बेन, ऐकलंत एकदाचं! आता चहा तुमचा. धाकट्याला डबल.'

हेतलबेननी तोंडाला पदर लावला. मी टीव्हीकडे बघत उभा.

मोबाइलमधून साहेबांचा आवाज आला. "सर, हा मेसेज कोणी टाकला? आत्ता, लाइव्ह? सर, हे बरोबर नाही. तुमच्याकडे लॉगिन कोण आहे?"

शेठनी लॅपटॉपच्या वरच्या कोपऱ्यात वाकून बघितलं. मग मोबाइल तोंडाजवळ धरला.

"निलेश," ते म्हणाले. "चहा पितोय. नंतर फोन करा."